मंद आच, मंद अग्नी : धानोऱ्यातील कुक्कुट-मांसरस

व्याधी गेला तरी त्याने नेलेले बल परत येण्यास वेळ लागतो, हा आपणां सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. ज्वर उतरतो, औषध थांबते, नातेवाईक निश्चिंत होतात. आणि नेमक्या त्याच वेळी रुग्णाच्या ताटात काय पडते याकडे वैद्याचेही दुर्लक्ष होते. चिठ्ठीवर 'हलका आहार' एवढे दोन शब्द लिहून आम्हीही अनेक वर्षे मोकळे होत आलो. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा येथील एका घराने आमची ही सवय मोडली. ती हकीकत वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

रुग्णा सत्तरीच्या पुढील आजी. दीर्घ ज्वर जाऊन पंधरा दिवस झाले होते. जिव्हा निराम, परंतु क्षुधा अल्प, स्वर क्षीण, पोटऱ्यांत वळ. घर मांसाहारी, अंगणात गावठी कोंबड्या. अंगात ताकद यावी म्हणून घरच्यांनी कोंबडीचा रस्सा केला, पण तो नेहमीचाच, लालभडक. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. तेथील रश्श्याला तिखटाची उणीव कशी असणार? दोन घासांतच उरात जळजळ होऊन आजींनी ताट सरकविले. द्रव्य योग्य होते, संस्कार अयोग्य होता.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात कुक्कुटाची गणना विष्किर वर्गात असून त्याचे मांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य, वातहर आणि स्वराला हितकर सांगितले आहे. त्याच अध्यायात मांसरसाला कृश, क्षीण आणि नुकत्याच व्याधिमुक्त झालेल्यांसाठी अमृताची उपमा दिली आहे. मात्र सुश्रुताचार्यांनी रानकोंबड्यापेक्षा ग्राम्य कुक्कुट गुरू असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणजे ज्याला बृंहणाची गरज आहे, त्याच रुग्णाचा अग्नी हे गुरू द्रव्य पचविण्यास असमर्थ असतो.

ही अडचण पाकाने सुटते. गावठी कोंबडीचे मांस चिवट असते; त्यातील स्नायुबंधांचा अंश मंद आचेवर काही तासांत विरघळून पाण्यात उतरतो. मोठ्या आचेवर घाई केल्यास तेच मांस आकसून कोरडे होते. बाहेरच्या अग्नीने जे काम सावकाश पुरे केले, ते आतल्या मंद अग्नीला करावे लागत नाही. आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

एक चूक आणि तिचा धडा

आजींचा नातू सुरतेस कामाला. त्याने विजेवर चालणारा स्लो कुकर आणून दिला होता. पाश्चात्त्य देशांत हे भांडे 1970 नंतरच्या दशकात घरोघरी पोहोचले. मातीच्या जाड भांड्याभोवती तापणारी तार, वर घट्ट झाकण. रस सहा ते आठ तासांत सिद्ध होतो. ते पाहून आम्ही उत्साहाने सुचविले, "रात्री लावून ठेवा, सकाळी तयार मिळेल."

रात्री वीज गेली. पहाटे सूनबाईंनी झाकण काढले तेव्हा भांडे कोमट होते. वीज केव्हा गेली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. "साहेब, वास चांगला होता, पण सासूबाईंना द्यायला मन धजेना," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळा रस टाकून दिला. अंगणातली एक कोंबडी व्यर्थ गेली. पण निर्णय त्यांचा बरोबर होता आणि सल्ला आमचा अपुरा होता. सुमारे 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्न तासन्‌तास राहिल्यास त्यात जंतू झपाट्याने वाढतात; आणि त्यांतील काहींनी निर्माण केलेले विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. दुर्बल रुग्णाला असे अन्न देणे म्हणजे व्याधीला पुन्हा बोलावणे होय.

दुसऱ्या वेळी सूनबाईंनी कोंबडी चुलीवर उकळून मडके वैलावर सरकविले. चुलीच्या बाजूच्या आचेवर मंद शिजविण्याची ही सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे; आम्हांलाच तिचे विस्मरण झाले होते.

साहित्य व कृती

ग्रंथपरंपरेत एक प्रस्थ पाण्यास बारा पल मांस घेतल्यास घन रस आणि सहा पल घेतल्यास तनु रस होतो, असे मान आहे. द्रवासाठी द्विगुण मान धरता दीड लिटर पाण्यास अनुक्रमे सुमारे 575 व 290 ग्रॅम मांस होते. आरंभ तनु रसाने करावा.

हाडांसह पाव किलोहून किंचित अधिक मांस स्वच्छ करून दीड लिटर पाण्यात उकळी आणावी. वर येणारा फेस काढावा. नंतर सुंठीचा लहान तुकडा, जिरे, धणे, चार मिरी, चिमूटभर हळद घालून मडके झाकावे व वैलावर तीन-चार तास ठेवावे. पाणी मधून मधून हलके बुडबुडत राहिले पाहिजे. शेवटच्या तासात लाल भोपळा, दुधी, पडवळ व शेवग्याच्या शेंगा घालाव्यात. मांस हाडापासून आपोआप सुटले की उतरवून सैंधव घालावे.

स्लो कुकर वापरायचा असल्यास तो दिवसा, घरात कोणी जागे असताना लावावा. मांस आधी उकळून मगच भांड्यात घालावे. भाज्यांचे तुकडे तळाशी ठेवावेत, पाणी आटत नसल्याने ते एक लिटर पुरते, आणि झाकण वारंवार उघडू नये. मध्येच वीज जाऊन अन्न कोमट झाले व किती वेळ गेला हे ठाऊक नसेल, तर ते टाकून द्यावे.

देण्याचा क्रम

संसर्जनक्रमात पेया, विलेपी, यूष व शेवटी रस असा क्रम आहे. तोच विवेक येथे ठेवावा. प्रथम केवळ गाळलेला अकृत रस, अर्धी वाटी, क्षुधा लागल्यावर. तो पचला की तूप-जिऱ्याची फोडणी व डाळिंबाच्या रसाची किंचित आंबट चव दिलेला कृत रस. त्यानंतर मऊ भातासह भाज्या व मांस. नवज्वरात आणि साम अवस्थेत मांसरस देऊ नये. शाकाहारी रुग्णास मुगाचे यूष आहेच.

पाश्चात्त्य पद्धतीच्या स्ट्यूत दूध किंवा साय घालतात, ती टाळावी. विरुद्धाहारात ग्राम्य, आनूप व औदक मांसाबरोबर दूध, मध, तीळ, गूळ, उडीद, मुळा व मोड आलेली धान्ये निषिद्ध आहेत. कुक्कुट विष्किर वर्गातील असल्याने हा निषेध अक्षरशः लागू होत नाही, असा युक्तिवाद होऊ शकेल. तथापि मंदाग्नी रुग्णावर त्याची परीक्षा पाहू नये.

आणखी एक दक्षता. फेब्रुवारी 2006 मध्ये याच जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील कोंबड्यांमधील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. 2021 मध्येही नवापुरास तो प्रसंग पुन्हा आला. आजारी वा मेलेली कोंबडी स्वयंपाकात कदापि घेऊ नये, कच्चे मांस हाताळल्यावर हात व विळी धुवावी, आणि मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे.

आजी आठवडाभरात वाटीभर रस स्वतः मागून घेऊ लागल्या. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यानंतर पथ्य लिहिताना आम्ही प्रथम तीन प्रश्न विचारतो : चूल कोणती, सरपण वा वीज किती, आणि शिजवणार कोण? या उत्तरांवाचून लिहिलेले पथ्य कागदावरच राहते. इत्यलम्.