मोबाईल आपला, हुकूम कोणाचा?

मजुरीतून पैसे बाजूला काढून किंवा हप्त्यावर माणूस मोबाईल घेतो. पावती त्याच्या नावाची, हप्ता त्याच्या खिशातला, रिचार्जही त्याचाच. पण मोबाईल सुरू केल्यावर काय दिसते? त्याने न मागितलेली अ‍ॅप्स आधीच आत ठाण मांडून बसलेली असतात. काही काढता येतात, काही काढताच येत नाहीत. बातमी वाचायला जावे तर आधी जाहिरात, मध्ये जाहिरात आणि ती बंद करण्याची फुली इतकी बारीक की बोटाला सापडू नये. त्या जाहिरातीचा डेटासुद्धा आपल्याच पॅकमधून कापला जातो. मग या यंत्राचा मालक नेमका कोण?

इंटरनेटवर सगळे फुकट मिळते, हा मोठा भ्रम आहे. पान उघडताच वाचक कोण, कुठला, काय पाहतो ही माहिती पुढे जाते आणि त्याच्या डोळ्यांसमोरच्या जागेचा लिलाव सेकंदाच्या आत उरकतो. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीला २०२३ साली सुमारे १३५ अब्ज डॉलर महसूल मिळाला. त्यातले सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींचे होते. म्हणजे या दुकानाचा खरा गिऱ्हाईक जाहिरातदार आहे आणि विकला जाणारा माल आपण आहोत.

याच कंपनीने २०१५ साली भारतातील गरिबांना 'फ्री बेसिक्स' देऊ केले. फुकट इंटरनेट म्हणायचे, पण कोणत्या साइट फुकट उघडतील हे कंपनीच्या अटींवर ठरणार! लाखो लोकांनी ट्रायकडे ई-मेल पाठवून इंटरनेटवरील अशा भेदभावाला विरोध केला. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. सरकारही या मोहातून सुटलेले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप घालूनच देण्याचा आदेश निघाला. ओरड होताच ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा लोक बोलले म्हणूनच माघार झाली, हे विसरता कामा नये.

जाहिरात अडवणारी साधने वापरणे ही चोरी आहे, असे काही प्रकाशक म्हणतात. जर्मनीतील अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या बड्या वृत्तसमूहाने अशा एका साधनाविरुद्ध दावा लावला होता. १९ एप्रिल २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, हे साधन देणे ही अनुचित स्पर्धा नाही, असा निकाल दिला. आपल्या पडद्यावर काय दिसावे हे आपण ठरवणे यात गैर काहीच नाही.

पण प्रश्न इथे संपत नाही. जाहिरात अडवली, तर बातमी आणणाऱ्याचा पगार कोण देणार? याचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, तेव्हा पत्राला आधार मिळाला. तरीही 'मूकनायक' काही वर्षांतच बंद पडले आणि १९२७ साली निघालेले 'बहिष्कृत भारत'ही आर्थिक चणचणीमुळे १९२९ साली थांबले. विचारांची कमतरता नव्हती, कमतरता पैशाची होती. ज्याच्या पैशावर पत्र चालते, त्याची मर्जी आज ना उद्या पत्राला सांभाळावी लागते.

म्हणूनच वाचकांनी दोन कामे करावीत. एक, मोबाईलची सेटिंग्ज स्वतः उघडावीत, नको ती अ‍ॅप्स काढावीत, नको त्या परवानग्या बंद कराव्यात. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आईवडिलांचा मोबाईलही असाच तपासून द्यावा. दुसरे, जे पत्र, जे चॅनेल आपला आवाज मांडते, त्याची वर्गणी वेळेवर भरावी. महिन्याच्या रिचार्जपुढे ती रक्कम फार नाही. पहिले काम केले आणि दुसरे टाळले, तर मोबाईल आपला होईल, पण त्यात वाचायला आपले काही उरणार नाही.