निरंक आणि कोरा

पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला तहसील कचेरीच्या आवारात पाऊस मोजला जातो. पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं. कडेला पाणी काचेवर जरासं चढलेलं दिसतं. ते सोडून मधली खोलगट पातळी वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा. रात्रभरात थेंबही पडला नसेल, तरी लिहायचं: निरंक.

निरंक म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं आणि पाऊस नव्हता. रकाना कोरा असेल तर मात्र सगळाच घोळ. पाऊस नव्हता, की मोजणारा रजेवर होता? जुन्या पावसाचा हिशेब जुळवणाऱ्यांचा बराचसा वेळ या एका प्रश्नात जातो.

वर्षानुवर्षं वापरात असलेला सायमन्स पर्जन्यमापक म्हणजे १२७ मिलिमीटर व्यासाचं तोंड असलेलं साधं भांडं. त्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जाणार नाहीत आणि वाराही फारसा छळणार नाही. या तोंडातून एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १२.७ मिलिलिटर पाणी. नंतर आलेल्या फायबरच्या मापकांपैकी काहींचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं. तिथे त्याच एका मिलिमीटरचं पाणी २० मिलिलिटर. म्हणून ज्याचं मोजपात्र त्यालाच. जुनं फुटलं म्हणून या नव्या मापकाचं पात्र सायमन्सला लावलं, तर १०० मिलिमीटर पाऊस वहीत ६३ होऊन बसेल. आणि अतिवृष्टीची सरकारी रेघ आहे ६५ मिलिमीटरवर! सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या माणसाला या दोन मिलिमीटरांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशी चूक एकदा वहीत शिरली की ती शंभर वर्षं तिथेच राहते. मापकाशेजारी लावलेलं कडुनिंबाचं रोप वाढतं, कचेरी नव्या इमारतीत जाते, मापकही जागा बदलतो, आणि पाऊस ‘कमी’ होतो. हे पकडण्याची एक जुनी युक्ती आहे. आसपासच्या ठाण्यांच्या पावसाची वर्षागणिक चढती बेरीज एका अक्षावर आणि आपल्या ठाण्याची दुसऱ्या अक्षावर मांडायची. रेघ सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षापासून तिचा चढ बदलून तसाच राहिला, तर आभाळाआधी मापकावर संशय घ्यायचा.

उदाहरणार्थ, विदर्भातल्या वाशिमच्या नोंदी घ्या. तिथे आणखी एक गुंता आहे. इंग्रजी कागदांत हे गाव ‘बासिम’ नावाने सापडतं. १९०५ पर्यंत बासिम जिल्हा होता, मग त्याचा मोठा भाग अकोल्यात विरला आणि १ जुलै १९९८ ला वाशिम म्हणून पुन्हा वेगळा झाला. अकोला शहर पायनघाटात, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. वाशिम बालाघाटाच्या पठारावर. इथली काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेमार्गे तापीला मिळते, तर पैनगंगा आणि अडाण यांचं पाणी अखेर गोदावरीला. अशा दोन स्वभावांच्या मुलखाची मधली ९३ वर्षं अकोला जिल्हा म्हणून एकच सरासरी. ती १९९८ नंतरच्या अकोल्याशी तशीच जोडली, तर पावसातला बदल हवामानाने केला की राजपत्राने, हे कळायचं नाही. म्हणून जिल्ह्याचा आकडा बाजूला ठेवून एकेका ठाण्याची वही उघडावी लागते.

देशाच्या पातळीवर हे किचकट काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलं. बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी ३०६ ठाणी निवडून १८७१ पासूनची मालिका बांधली. पुढे एन. ए. सोनटक्के आणि नित्यानंद सिंग यांनी मोजक्या जुन्या ठाण्यांच्या आधारे ती १८१३ पर्यंत मागे नेली. या मालिकांतून दिसतं की देशाचा मान्सून ढोबळमानाने तीस-तीस वर्षांच्या ओल्या-कोरड्या टप्प्यांनी चालतो. विसाव्या शतकाची पहिली तीन दशकं कोरडी, १९३० ते १९६०च्या दशकाचा मध्य ओला, मग पुन्हा कोरडा टप्पा. ‘आमच्या वेळी पाऊस कसा पडायचा!’ म्हणणारे आजोबा अगदीच खोटं बोलत नव्हते; त्यांचं तरुणपण ओल्या टप्प्यात गेलं, एवढंच. २०२२ मध्ये हवामान विभागाने देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आणली, त्यामागेही या टप्प्यांचा हात आहे. तेव्हा ‘सरासरीइतका पाऊस’ ही बातमी वाचताना कोणत्या वर्षांची सरासरी, हे विचारायला हरकत नाही.

मापक येण्याआधीचे रकाने तर सगळेच कोरे. त्यातले काही भरून निघाले ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारमध्ये. उल्केच्या आघाताने बसाल्टमध्ये पडलेला हा खळगा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. झरे-ओढ्यांचं पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. पावसाने ओढ दिली की पाणी आटून खारं होत जातं. तळाशी गाळ थरावर थर बसतो. सुषमा प्रसाद आणि भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी तिथला सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड अभ्यासला. काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक निघाले. पाणी खूप आटल्याशिवाय ते बनत नाहीत, म्हणजे गाळानेच ठेवलेली दुष्काळाची नोंद. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन लांबलचक कोरडे काळ दिसतात: एक ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

दुसऱ्या काळाशी मी अडखळलो. वाकाटक राजघराण्याची वत्सगुल्म शाखा, म्हणजे आजच्या वाशिमची, चौथ्या-पाचव्या शतकातली. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची लेणी कोरली जात होती, ती याच कोरड्या कालखंडात. गाळ वर्षाचा हिशेब देत नाही, शतकांचा देतो. त्या चौदाशे वर्षांत चांगली सालंही असणारच. तरी कोरडा काळ म्हणजे ओसाड मुलूख हे समीकरण इथे बसत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. ती उभारणारा ‘महावेध’ प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. सरासरी ठरवायला तीस वर्षं लागतात, म्हणजे या केंद्रांच्या आधारे मंडळाची स्वतःची सरासरी काढायला २०४७ उजाडेल. तेही दरम्यान कुठलं केंद्र बंद पडलं आणि रकाना कोरा राहिला, असं झालं नाही तर.