चला, तळ्यावर पक्षी मोजायला!

समुद्र बघायचा तर भिलाईहून रात्रभर गाडीत बसावे लागते. कोकणातले पक्षीप्रेमी थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर उभे राहून कुरव आणि सुरय मोजतात, तशी सोय आपल्याकडे नाही. पण थंडीतले पाहुणे पक्षी फक्त समुद्रावरच उतरतात असे थोडेच आहे! त्यांना हवे असते उथळ पाणी, भरपूर खाणे आणि थोडी शांतता. हे तिन्ही आपल्या गावाच्या आसपास आहे. तेव्हा या जानेवारीत एक रविवार काढा, मुलांना लवकर उठवा, थर्मासमध्ये चहा भरा आणि जवळच्या तळ्यावर जा. मात्र नुसते बघून परतू नका. पक्षी मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

मोजायचे कशाला, असे तुम्हाला वाटेल. तेच या लेखात सांगायचे आहे.

तळ्यांचा मुलूख

छत्तीसगडमध्ये जुन्या गावांचे वर्णन करताना एक शब्दप्रयोग हमखास ऐकू येतो, 'छै आगर छै कोरी'. कोरी म्हणजे वीस. सहा विसा एकशे वीस आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तळी! आजही इथे गाव तिथे 'तरिया' असतोच. पूर्व विदर्भातून आलेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव याच जातकुळीतले. १९५६ पर्यंत हा सगळा प्रदेश एकाच प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. भातशेतीसाठी पाणी अडवायची रीत दोन्हीकडे सारखीच.

भिलाईत त्यात पोलाद कारखान्याच्या पाण्याची भर पडली. कारखान्यासाठी तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने येते आणि मरोदाच्या जलाशयांत साठवले जाते. मैत्रीबागेतही तळे आहे. शहराबाहेर पडलात तर पाटन भागात बेलौदी आणि अचानकपूरची तळी आहेत. आणखी पुढे बेमेतरा जिल्ह्यात गिधवा आणि परसदा या दोन गावांची तळी तर पक्ष्यांसाठी राज्यभर प्रसिद्ध आहेत. छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव तिथेच भरला. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१ असे तीन दिवस तो चालला. नाव होते 'हमर चिरई, हमर चिन्हारी', म्हणजे आमचे पक्षी, आमची ओळख.

आता बिलासपूर जिल्ह्यातल्या कोपरा जलाशयालाही मान मिळाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तो छत्तीसगडमधले पहिले रामसर स्थळ ठरला. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांना हा दर्जा मिळतो. महाराष्ट्रात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरला तो सर्वांत आधी मिळाला होता. असा दर्जा देताना इतर गोष्टींबरोबर एक प्रश्न हमखास विचारला जातो, इथे पक्षी किती येतात? उत्तर द्यायला आधी कुणीतरी मोजलेले असावे लागते.

पाहुणे येतात कुठून?

१९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला आणि भिलाईला रशियन इंजिनीअर येऊ लागले. मैत्रीबागेचे नावही त्याच मैत्रीतून पडले. पण सैबेरियातले पाहुणे त्याच्या कितीतरी आधीपासून इकडे येत होते, करार-बिरार न करता! उत्तरेत पाणी गोठले की बदकांचे खाणे बर्फाखाली जाते. म्हणून ऑक्टोबरपासून ती दक्षिणेकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. या प्रवासाच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या या वाटेवर तीस देश लागतात.

यातला पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून तो उडाल्याची नोंद उपकरणांनी केलेली आहे. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदीही आहेत. तुम्हाला असा एखादा दिसला, तर पट्टीचा रंग आणि त्यावरची अक्षरे-आकडे लगेच टिपून घ्या.

आधी ओळख, मग मोजणी

पहिल्याच दिवशी सगळे पक्षी ओळखू येत नाहीत आणि तशी गरजही नाही. सात-आठ ओळखता आले तरी पुष्कळ.

थापट्या : चोच पुढे फावड्यासारखी पसरट. पाण्यावर चोच फिरवत गोल गोल पोहतो.

तलवार बदक : नराची मान लांब आणि शेपटी टोकदार. लांबूनही ओळखू येते.

चक्रांग : लहानसे बदक. नराचे डोके तांबूस आणि डोळ्याभोवती हिरवा पट्टा.

चक्रवाक : भगव्या-बदामी रंगाचे मोठे बदक, जोडीने दिसते. रात्री ताटातूट होणारी जोडी म्हणून संस्कृत कवींनी अमर केलेला पक्षी तो हाच.

चांदवा : अंग काळे, कपाळ आणि चोच पांढरी. त्या कपाळामुळेच बहुधा याला 'वारकरी'ही म्हणतात.

हळदी-कुंकू बदक : हे पाहुणे नाही, घरचेच. चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. मुलांना हे नाव एकदा सांगितले की ती विसरत नाहीत.

अडई : हीसुद्धा घरचीच. तपकिरी, थव्याने राहणारी, उडताना शीळ घालणारी.

काठावरच्या चिखलात शेपटी वरखाली करत फिरणारा धोबी आणि सतत मागचा भाग हलवणारा तुतवार दिसेल. उघड्या चोचीचा करकोचा आपला बारमाही रहिवासी. चोचीच्या दोन भागांत फट असते आणि गोगलगायी हे त्याचे आवडते खाणे. मोठ्या जलाशयावर पिवळ्या चोचीचा नदी सुरय पाण्यावर सूर मारताना दिसला, तर स्वतःला भाग्यवान समजा. किनाऱ्यावरच्या सुरयांचा हा नदीवरचा भाऊबंद जगभर संकटात सापडलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे.

मोजायचे कसे?

घरीच एक खेळ खेळा. ताटात मूठभर हरभरे टाका आणि दहा सेकंदांत आकडा सांगायला सांगा. मग खरेच मोजा. बहुतेकांचा अंदाज कमी निघतो. थव्याच्या बाबतीतही हेच होते, मोठा थवा नेहमी कमी वाटतो. तीन-चार वेळा खेळलात की नजर तयार होते.

तळ्यावर गेल्यावर या गोष्टी लक्षात ठेवा :

• सकाळी उजाडल्यावर दोन-अडीच तास सर्वांत चांगले. धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबा.

• सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. उन्हाच्या दिशेने बघितले तर सगळी बदके काळीच दिसतात.

• तळ्याच्या एका टोकापासून सुरुवात करा आणि नजर दुसऱ्या टोकापर्यंत सरळ न्या. मागे वळून पुन्हा मोजू नका.

• थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा. ते दहा केवढी जागा व्यापतात ते बघा आणि तशा किती जागा भरतात ते मोजा.

• एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. लिहिण्याचे काम मुलांना द्या, ती फार काटेकोर असतात.

• तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, तळ्याचे नाव आणि पाणी किती होते हे नक्की लिहा.

• ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदके, ४०' असे लिहा. अंदाजाने नाव ठोकून देऊ नका.

• काहीच दिसले नाही तर 'शून्य' लिहा. शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि कधी कधी तीच सर्वांत मोलाची ठरते.

दुर्बीण असेल तर उत्तम. विकत घेणार असाल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण घरातल्या सगळ्यांना वापरायला सोपी जाते. नसेल तरी अडून बसू नका. थवे नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात.

एका आकड्याने काय होते?

तळ्याकाठच्या कुठल्याही आजोबांना विचारा. 'पूर्वी आभाळ भरून बदके यायची, आता कुठे तेवढी?' असे उत्तर मिळेल. आजोबा खरेच सांगत असतात. पण तळे बुजवायला, त्यात राडारोडा टाकायला किंवा भर थंडीत ते उपसायला निघालेल्या माणसापुढे 'पूर्वी खूप यायची' हे वाक्य टिकत नाही. 'दहा वर्षांपूर्वी जानेवारीत ६०० होती, यंदा ७० आहेत' हे वाक्य टिकते. दोन्हींत तळमळ सारखीच आहे, फरक फक्त वहीचा.

म्हणूनच जगभर दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आंतरराष्ट्रीय गणना १९६७ पासून चालू आहे आणि आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचे काम बघते. जानेवारीच निवडण्याचे कारण साधे आहे. या महिन्यात पाहुणे पक्षी एका जागी स्थिरावलेले असतात, त्यामुळे एकच थवा दोन गावांत मोजला जाण्याची शक्यता कमी. फेब्रुवारीच्या मध्यावर आणखी एक चार दिवसांची गणना होते, ती घराच्या अंगणातूनही करता येते. भारत त्यात २०१३ पासून सामील आहे.

या साऱ्या वह्या एकत्र आल्या की काय दिसते? २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी त्यामागे होत्या. त्यात शिक्षक होते, गृहिणी होत्या, विद्यार्थी होते, निवृत्त माणसे होती. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती कमी झालेल्या आढळल्या. जागतिक धोक्याच्या यादीसाठी ज्यांचा फेरविचार व्हावा असे अहवालाने सुचवले, त्यांत वर उल्लेख केलेले थापट्या, चक्रांग आणि तुतवार आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही आहे. हे सगळे कालपरवापर्यंत 'नेहमीचेच' समजले जाणारे पक्षी. दुर्मीळ पक्ष्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. नेहमीचा पक्षी कमी झाला, तर तो मोजणाऱ्यालाच कळतो.

सुरुवात करणे अवघड नाही. 'ई-बर्ड' हे मोफत ॲप मोबाइलवर घ्या आणि तळ्यावरूनच यादी भरा. ओळख पटवायला 'मर्लिन' हे ॲप मदत करते. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४१ साली निघाले, ते आजही घरात असावे असे आहे. मराठीत मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आहे. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी वनाधिकारी म्हणून वर्षे घालवलेला हा लेखक. त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळतात. तुम्हीही त्याच आठवड्यात पहिली फेरी मारा. पाहुणे तेव्हा नुकते पोहोचलेले असतात.

पाहुण्यांचा मान ठेवा

पक्ष्यांच्या जवळ जाण्याचा मोह आवरा. थवा उडाला की फोटो छान येतो, पण बदकांची साठवलेली ताकद वाया जाते. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. पाव, कुरमुरे, शेव टाकू नका. गाणी लावू नका, ड्रोन तर नकोच. भडक कपड्यांऐवजी मातकट किंवा हिरवे कपडे घाला. मुलांना काठावर एकटे सोडू नका. कारखान्याच्या जलाशयांवर जायला परवानगी लागते का ते आधी विचारून घ्या. गावच्या तळ्यावर गेलात तर तिथल्या माणसांशी बोला. मासे धरणाऱ्याला कुठल्या कोपऱ्यात कुठले पक्षी बसतात हे तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या वर्षी पुन्हा जा. तेच तळे, तोच आठवडा, तीच वेळ. एका वर्षाची मोजणी ही सहल असते, पाच वर्षांची मोजणी हा पुरावा होतो. आज चौथीत असलेली तुमची मुलगी नववीत जाईल तेव्हा तिच्या हातात तिच्याच अक्षरातले आकडे असतील आणि त्या तळ्याबद्दल ती ठामपणे बोलू शकेल.

तेव्हा एक वही आणा. पहिल्या पानावर तळ्याचे नाव लिहा आणि खाली येत्या रविवारची तारीख टाका.