जुन्या बुलेटला नवे शॉकअप : पुढच्या चाकामागचे विज्ञान

आमच्या दाजींकडे त्यांच्या वडिलांची जुनी 350 ची बुलेट आहे. वाटूरच्या रस्त्याने आले की मनगटं दुखतात, आणि पुढचा ड्रम ब्रेक ऐनवेळी हळू लागतो. म्हणून त्यांनी ड्यूकचे शॉकअप, डिस्क आणि पुढचे चाक असा जुना सेट विकत आणला. मिस्त्री म्हणाला, "बसतंय की भाऊ, लेथवर जरा घासलं की बसतंय." त्याचं खरंच आहे, बसतं. पण बसणं आणि नीट चालणं यात फरक आहे. तो फरक शाळेतल्या गणित-विज्ञानानेच कळतो, म्हणून हा पाठ.

आधी शॉकअपच्या आत काय असते ते बघू. नुसती स्प्रिंग असती तर गाडी खड्ड्यानंतर उड्या मारत राहिली असती. त्या उड्या तेल थांबवते. नळी दबली की तेल बारीक छिद्रातून जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. वर्गात एक करून बघा. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा आणि दट्ट्या हळू दाबा, सहज जातो. आता झटक्यात दाबा, बोट अडते. वेग दुप्पट केला की छिद्राचा अडथळा साधारण चौपट होतो. जुन्या शॉकअपचे दुखणे नेमके हेच. लांब उतारचढावावर ते डुलते आणि धारदार खड्ड्यात दगडासारखे कडक होते. नव्या, महागड्या शॉकअपमध्ये छिद्राऐवजी पोलादी पातळ चकत्यांच्या झडपा असतात. जोराचा धक्का आला की चकत्या वाकतात आणि तेलाला जास्त वाट मिळते. (नवीन आहे म्हणजे अशा झडपा असतीलच असे नाही हं. आजच्याही कित्येक साध्या गाड्यांत छिद्रच असते.)

दुसरा फायदा ताठरपणाचा. बुलेटची नळी 35 मिलिमीटरची, पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या ड्यूकची 43 ची. भिंतीची जाडी सारखी धरली तर नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 43 भागिले 35, त्याचा घन करा, 1.85 येते. म्हणजे जवळपास दुप्पट. डिस्क ब्रेक दाबल्यावर नळ्या मागे वाकू पाहतात, तिथे हे कामाला येते.

आता खरी मेख. चाके असलेली ऑफिसची खुर्ची ढकलून बघा. चाक नेहमी आपल्या खुंटीच्या मागे वळते आणि खुर्ची सरळ जाते. मोटारसायकलचे पुढचे चाकही असेच मागे ओढले जाते. हँडलच्या दांड्याची तिरकी रेषा जमिनीपर्यंत नेली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल कमी झाला की हँडल चंचल होते, वेगात थरथरते. जास्त झाला की हँडल जड लागते.

दहावीची त्रिकोणमिती झालेल्यांनी हे करून बघा:

ट्रेल = (चाकाची त्रिज्या × साइन कोन − आसाचे पुढचे अंतर) ÷ कोसाइन कोन

कोन म्हणजे दांडा उभ्या रेषेपासून किती कललाय तो. आसाचे पुढचे अंतर म्हणजे चाकाचा आस दांड्याच्या रेषेच्या किती पुढे आहे ते. उदाहरणापुरते आकडे घेऊ: कोन 27 अंश, 19 इंची चाकाची टायरसकट त्रिज्या 32.4 सेंमी, पुढचे अंतर 6 सेंमी. ट्रेल 9.8 सेंमी आला. आता ड्यूकचे 17 इंची चाक घाला, त्रिज्या 29.3. गाडीचे नाक 3 सेंमी खाली गेले. दोन चाकांत 137 सेंमी अंतर असल्याने कोनही सुमारे 1.3 अंशाने कमी झाला. नवा ट्रेल 7.4 सेंमी! एक चतुर्थांश गेला. पण थांबा. नव्या प्लेटांमुळे पुढचे अंतर 6 ऐवजी 3 झाले, तर तोच ट्रेल 10.8 होतो. बघा, एक गोष्ट वजा करते आणि दुसरी मिळवते. नुसत्या डोळ्यांनी हे कोणाला सांगता येणार?

मोजायला मात्र फार काही लागत नाही. गाडी सपाट जागी सरळ उभी करा. आसापासून ओळंबा सोडा, तो पडेल तिथे टायरचा टेकण्याचा बिंदू. दांड्याला समांतर काठी धरून रेषा जमिनीपर्यंत न्या. खडूने दोन खुणा करा आणि पट्टी लावा. आमच्या मुलांनी आधी सायकलींवर सराव केला, मग दाजींची बुलेट मोजली.

जुन्या बुलेटची आणखी एक अडचण आहे. तिच्या हेडलाइटचे ओतीव घर हीच शॉकअपची वरची प्लेट असते. नळ्या त्यातच पकडलेल्या असतात. शॉकअप बदलले की ते घर, त्यातले मीटर आणि दोन बाजूंचे छोटे दिवे, सगळे निघते. शिवाय हलक्या गाडीची स्प्रिंग बुलेटखाली जास्त दबते. आणि असे सेट बहुधा अपघातातल्या गाडीचे असतात, तेव्हा नळी काचेवर लोळवून वाकली नाही ना हे आधी बघा.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. कलम 182अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. लेथवर जाण्याआधी जालन्याच्या आरटीओ ऑफिसात विचारून या. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न काढेल.

दाजींनी सध्या जुन्याच शॉकअपचे तेल, ऑइल सील आणि हँडलचा कोनसेट बदलून घेतला. जुने तेल काळे आणि पाण्यासारखे पातळ निघाले. ब्रेकचे लायनरही नवीन टाकले. ड्यूकचा सेट माळ्यावर आहे, आणि दर रविवारी ते तो खाली काढून पुसतात.