एकच ताप, निरनिराळे भोग

एकाच घरांत एकाच तापानें आजी व नातू अंथरुणाला खिळावे. आजीनें आठवड्यांत उठून बसावें आणि धडधाकट, तिशींतल्या नातवानें मात्र प्राण सोडावा, हें विपरीत कां घडतें? १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें हा प्रश्न जगभर उभा केला. मुंबईंत जूनमध्यें आलेला ताप सौम्य होता. सप्टेंबरांत तोच काळ होऊन परतला.

वृद्धांना बालपणीं तत्सम विषाणूची ओळख घडली असावी, असा एक तर्क आहे. तरुणांच्या शरीराचा प्रतिकार कधीं इतका प्रखर होतो कीं, शत्रूबरोबर स्वतःचीं फुप्फुसेंही सुजून पाण्यानें भरतात, असेंही कित्येक शास्त्रज्ञ मानतात. शिवाय विषाणूनें श्वासनलिकेचें अस्तर सोलून काढलें, म्हणजे एरवीं घशांत मुकाट राहणारे जंतु आंत उतरतात व न्युमोनिया होतो. त्या सांथींतील बहुतेक मृत्यु ह्या दुसऱ्या घावानेंच झाले; आणि पेनिसिलिनचा शोध लागावयास तर अद्यापि दहा वर्षें होतीं!

परंतु सारा दोष शरीरावर ढकलतां येत नाहीं. मुंबईंत युरोपियनांमध्यें हजारीं सुमारें ८ माणसें दगावलीं. खालच्या गणलेल्या जातींच्या हिंदूंत सुमारें ६१. विषाणु तोच होता. मात्र एका खोलींत दाटीनें राहणाऱ्यांना मोकळी हवा कोठून मिळणार? त्यांतच त्या वर्षीं पावसानें दगा दिला व धान्य महागलें. हिंदुस्थानांत स्त्रियांचें मृत्युप्रमाण पुरुषांहून अधिक भरलें. घरांत उरलेंसुरलें त्या खात, आणि रोग्याच्या उशाशीं रात्रभर त्याच बसत.