नमुना बिघडला की आकडाही बिघडतो!

दोन वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. घरची केळीची बाग, खातेपिते घर. चेहरा आणि मान एकाएकी लालबुंद होई, आग होई आणि थोड्या वेळाने आपोआप ओसरे. जोडीला दिवसातून आठ-दहा जुलाब. "पाळी जायचं वय आहे ताई, होतं असं," असे मी सांगितले आणि जुलाबावर आमांशाच्या गोळ्या दिल्या. (आम्हा डॉक्टरांचा हा जुना रिवाज!) लालीबरोबर घाम सुटतो का, हे विचारायचे राहूनच गेले. पाळी जातानाच्या लालीत बहुधा घाम सुटतो. त्यांचा चेहरा कोरडाच असे.

तीन महिन्यांत वजन उतरले तेव्हा मला शंका आली. चिठ्ठीवर मी एकच शब्द लिहिला : 'सिरोटोनिन'. अहवाल नॉर्मल आला. बाई निर्धास्त झाल्या, मीही झालो. तो अहवाल चुकीचा होता, आणि त्या चुकीत माझाही वाटा होता.

सिरोटोनिन हे नाव हल्ली मनाच्या आजारांच्या संदर्भात कानावर येते. पण शरीरातले बहुतेक सिरोटोनिन आतड्याच्या अस्तरातील पेशी बनवतात. तिथून ते रक्तात उतरले की प्लेटलेट्स ते उचलून आपल्या पोटात साठवतात. रक्तातील सिरोटोनिनचा जवळजवळ सगळा साठा या प्लेटलेट्समध्येच असतो. बाहेरच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, अगदी थोडे. रक्त गोठताना प्लेटलेट्स हा साठा सोडून देतात. रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या शास्त्रज्ञांनी १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे हा पदार्थ वेगळा काढला, तोही गोठलेल्या रक्ताच्या सीरममधूनच. रक्तवाहिन्या आवळणारा म्हणून 'सीरम' आणि 'टोन' जोडून नाव पडले.

सगळी गोम इथेच आहे. एकाच माणसाचे, एकाच वेळी काढलेले रक्त घ्या. प्लाझ्मात आकडा लहान येईल, सीरममध्ये कितीतरी मोठा. सीरम काढायचे तर रक्त पूर्ण गोठू द्यावे लागते. घाई केली तर साठा अर्धवटच सुटतो आणि आकडा खोटा कमी येतो. प्लाझ्मा हवा असेल तर उलट काळजी. पट्टा फार वेळ आवळून ठेवला, बारीक सुईने ओढून काढले, नळी जोरात हलवली, की प्लेटलेट्स फुटतात आणि आकडा खोटा वाढतो. म्हणून पुष्कळ प्रयोगशाळा अख्खे रक्तच मागतात. ते न गोठू देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्यायचे, सिरोटोनिन टिकावे म्हणून त्यात बहुधा क जीवनसत्त्व मिसळायचे आणि लगेच गोठवून बर्फातच पाठवायचे. ज्याच्या प्लेटलेट्सच कमी आहेत, उदाहरणार्थ डेंग्यूच्या रुग्णाच्या, त्याच्या रक्तात हा आकडा कमी दिसणारच.

आमच्या बाईंचे रक्त भर मे महिन्यात दुपारी काढले गेले. साध्या नळीत ते टेबलावर पडून राहिले, संध्याकाळच्या कुरियरने मुंबईला निघाले आणि दुसऱ्या दिवशी पोहोचले. सोबतच्या बर्फाचे पाणी झालेले. कोणत्या प्रकारचा नमुना हवा, हे मी चिठ्ठीवर लिहिलेच नव्हते. मग रक्त घेणाऱ्या मुलाला दोष कसा द्यायचा?

दोन महिने असेच गेले. मग नाशिकच्या तज्ज्ञांनी नीट गोठवलेल्या रक्तावर तपासणी पुन्हा केली, शिवाय २४ तासांच्या लघवीत सिरोटोनिनपासून बनणारे ५-एचआयएए मोजले. दोन्ही आकडे भरपूर वाढलेले. लहान आतड्यात कार्सिनॉइड जातीची गाठ निघाली, यकृतातही पसरलेली. शस्त्रक्रिया झाली, आता दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेतात. ही गाठ सावकाश वाढते, दोन महिन्यांनी फार फरक पडला नसावा, असे सर्जन म्हणाले. पण ते दोन महिने जुलाब बाईंनी सोसले.

लघवीच्या तपासणीचे पथ्यही सांगतो. केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आधी दोन-तीन दिवस बंद. केळीबागेच्या मालकिणीला केळी बंद सांगितल्यावर यजमान हसू लागले. उपवासाला तर हमखास केळीच! पहिल्या सकाळची लघवी टाकून द्यावी, पुढच्या २४ तासांची सगळी धरावी. डब्यात आम्ल घालून दिलेले असले तर ते ओतून टाकू नये व हाताला लागू देऊ नये. लघवी आधी दुसऱ्या भांड्यात घेऊन मग ओतावी. खोकल्याचे औषध, पॅरासिटॅमॉल चालू असेल तर आधी सांगावे.

"मन उदास असतं, सिरोटोनिन तपासू का?" असे अलीकडे पुष्कळजण विचारतात. तपासू नका. रक्तातले सिरोटोनिन मेंदूत शिरत नाही, म्हणून या आकड्यावरून मेंदूतले काही कळत नाही. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी प्लेटलेट्स सिरोटोनिन उचलेनाशा होतात आणि रक्तातला आकडा घसरतो. तो पाहून घाबरून गोळी बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. गोळी कोणत्याही तपासणीसाठी स्वतःच्या मनाने थांबवू नये.

आता मी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहितो : अख्खे रक्त की सीरम, कोणती औषधे चालू आहेत, रक्त किती वाजता काढले आणि नमुना बर्फ वितळून पोहोचला तर तपासू नये, पुन्हा मागवावा. तुमच्या चिठ्ठीवर यातले काही नसेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.