रुग्णसेवकाची चिठ्ठी

डॉक्टरांचा साहाय्यक म्हणजे पट्टी बांधणारा गडी, अशी बाजारात समजूत आहे. नाडी पाहणे, रक्तदाब मोजणे, इंजेक्शन देणे ही त्याची कामे खरीच. परंतु आम्हां धान्यवाल्यांस त्याचे टिपण अधिक मोलाचे वाटते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री येथील युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला. हमीदिया रुग्णालयात हजारो लोक लोटले. डोळे धुवावेत, प्राणवायू द्यावा, की नावे लिहावीत? पुढे १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. भरपाईसाठी उपचाराचे कागद मागण्यात आले. ज्यांच्यापाशी चिठ्ठी नव्हती, त्यांस आपले दुखणे सिद्ध करणे जड गेले. पेढीवर आपण एका पोत्याचीही नोंद चुकवीत नाही. आपल्या धर्मादाय दवाखान्यात माणूस नेमताना सभासदांनी त्याचे अक्षरही अवश्य पाहावे.